छतातून डोकावलेला नवरदेव

मोटारीच्या छताला झरोका असतो तो हवा आत यावी म्हणून, माणूस बाहेर जावा म्हणून नव्हे. हे मला माझ्या होणाऱ्या सासऱ्यांच्या नाकासमोर कळलं.

भिलाईचा कारखाना उभा राहत होता. मी तिथे नवा कारकून. मुलीसाठी मला बघायला नागपूरहून रेल्वेतले गार्ड बापूराव आले. दुर्ग स्टेशनवरून त्यांना आणायला माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, त्याची जुनी विलायती मोटार घेऊन आला होता. तिच्या छतात पत्र्याची सरकती झडप होती. आतली कडी फिरवायची, झडप मागे ढकलायची आणि कडी पुन्हा पक्की बसवायची.

स्टेशनवरून परतताना मी झडप मागे ढकलली. "बसवली काय कडी?" दादाने विचारलं.

"हो, हो!" (बसवली नव्हती. घाई होती.)

छाप पाडायची म्हणून मी सीटवर उभा राहिलो आणि कमरेपर्यंत बाहेर निघालो. काय तो वारा! तेवढ्यात आडवी म्हैस आली, दादाने करकचून ब्रेक दाबला आणि मोकळी झडप सर्रकन पुढे येऊन पाठीवर आदळली, माझं पोट झरोक्याच्या पुढच्या काठात रुतलं!

म्हैस गेली. न थांबताच गाडीने पुन्हा वेग घेतला.

"दादा! थांब नं! अडकलो!"

इंजिनाच्या घरघरीत कोणाला ऐकू येतंय! मी जिवाच्या आकांताने पाय झाडले.

"हा कावून पाय झाडून राहिला?" बापूराव दचकले.

"मजा येऊन राहिली असंन त्याले," दादा म्हणाला. (हे सगळं मला नंतर कळलं.)

आणि समोर बाभळीची फांदी! रस्त्यावर वाकलेली, बरोबर माझ्या गळ्याच्या उंचीवर. मी आणखी जोरात लाथा मारल्या. एक बापूरावांच्या टोपीला बसली.

"अहो, पोरगा अडकला! थांबवा गाडी!"

"थांबली तर धक्का मारल्याबिगर सुरू होत नाही, मामा! तुमाले कसा मारायला लावू धक्का?"

बापूराव वाद घालत बसले नाहीत. दोन्ही हातांनी झडप मागे रेटू लागले. झडप सरकते त्या खाचांत लाल माती भरलेली, धक्क्याने पुढे आलेली झडप आता मागे हलेना. फांदीचे काटे मला आता एकेक दिसत होते! शेवटी त्यांनी माझ्या पोटात गुद्दा हाणला. पोट आत गेलं, झडप मागे गेली आणि मी धाडकन त्यांच्या मांडीवर पडलो. वरून फांदीचे लोंबते काटे टपावर खरखरत गेले.

"कुठं लागलं काय?" त्यांनी विचारलं. मी तसाच मांडीवर बसून राहिलो.

आठ दिवसांनी त्यांचं पत्र आलं, "मुलगा कमरेखाली धडधाकट आहे, पसंत. डोक्याचं मात्र खात्रीने सांगता येत नाही."

लग्नाला तीस वर्षं झाली. हिलाही अजून सांगता येत नाही!