भद्द वाजणारी बॅट

आमच्या टीममध्ये बॅटची पारख कानानं व्हायची. चेंडू मारायचा आणि ऐकायचं. ‘टक्’ असा कडक आवाज आला की बॅट खानदानी, ‘भद्द’ आला की चुलीत घालायच्या लायकीची. आष्टीच्या माळावर शहाण्यांना तोटा नव्हता, बॅटींना होता. टीममध्ये एकच बॅट, तीही कॅप्टनची, आणि कुणाला खेळवायचं ते तोच ठरवायचा. स्वतःची बॅट असली की जागा पक्की. म्हणून नववीत असताना मी वडिलांचं डोकं खायला लागलो.

वडील मेंढरं राखायचे. क्रिकेट त्यांना एवढंच ठाऊक, की त्यापायी पोरगं उन्हात करपतं. तरी एकदा जालन्याला गेले आणि बॅट घेऊन आले. काठी निवडताना लाकूड वाजवून बघतात, तशा त्यांनी दुकानातल्या सगळ्या बॅटी बोटानं वाजवून बघितल्या होत्या.

“ठणठण वाजतं ते आतून पोकळ असतं,” ते म्हणाले. “ही बघ, बिलकुल भरीव हाय.”

वर महिनाभर आपल्या काठीसारखं तिलाही करडीचं तेल पाजलं. होता तेवढा आवाजही त्या तेलात बसला.

परतूरच्या पोरांशी सामना होता. वडील मेंढरं शेजाऱ्याच्या हवाली करून बघायला आले. पहिलाच चेंडू मी जीव खाऊन मारला. भद्द! सगळा माळ हसला. “घरून उशी आणली का रे?” किपर म्हणाला. मी मान खाली घालून बॅटकडे बघत राहिलो. आमच्या माळाला हद्द नव्हती, पळाल तेवढे रन. समोरचा गडी पळत माझ्यापाशी येऊन पोचला, तरी मी जागचा हललो नाही. रनआउट झालो.

घरी येऊन बॅट वडिलांच्या पायाशी आपटली.

“आरं, चेंडू पार नाल्याला गेल्ता,” ते म्हणाले. “मी बघून राह्यल्तो.”

“तुम्हाला काय कळतंय आबा? तुम्ही मेंढरं राखा!”

त्यांनी बॅट उचलून काठीशेजारी कोपऱ्यात उभी केली. मी पुन्हा तिला हात लावला नाही, आणि टीमनंही मला बोलावलं नाही. ‘तुम्ही मेंढरं राखा’ असं मी त्यांना बोललो याची लाज वाटायला मला फार वर्षं लागली.

वडील गेले तेव्हा मी जालन्यात नोकरीला होतो. दहावा झाल्यावर कोपरा आवरायला घेतला. काठी आणि बॅट, दोन्ही तेलानं चकचकीत.

“काठीला तेल लावलं की तिलाबी लावायचे,” आई म्हणाली. “म्हणायचे, त्याला मागायची लाज वाटंल, पर कवा लागली तर तयार असावी.”

मी बॅट उचलली, घरातल्या पोरांचा चेंडू घेतला आणि एकटाच माळावर गेलो. चेंडू हातानं वर उडवून मारला. भद्द! तोच आवाज. पण या वेळी मी मान वर ठेवली होती.

चेंडू आणायला नाल्यापर्यंत चालत जावं लागलं. वाट बरीच लांब होती. सगळी वाट मी रडत गेलो.