दुसऱ्या खेपेचा डेंग्यू

थेरगावात आमचं एकत्र घर होतं. मी, नवरा, थोरले दीर आणि जाऊ. पाणी दिवसाआड यायचं, म्हणून गॅलरीत ड्रम भरून ठेवलेले, आणि एकालाही झाकण नाही. झाकणं आणा म्हटलं की दीर म्हणायचे, डासांची एवढी भीती वाटत असेल तर माहेरी जा.

मला आणि दिरांना डेंग्यू एकदा होऊन गेला होता, दोघांनाही हलकाच. तेव्हापासून दीर आपल्या रक्ताचा तोरा मिरवायचे. एकदा झाला की अंगात ताकद येते, पुन्हा काही होत नाही, असं गल्लीभर सांगायचे.

गेल्या दिवाळीआधी मला पुन्हा ताप भरला. चाकणच्या कंपनीत मी पार्ट तपासते. तिथून अर्ध्या शिफ्टमधून घरी आले. ताप उतरला तसं दीर म्हणाले, संपलं नाटक. त्याच दुपारी पोटात कळा सुरू झाल्या आणि चूळ भरली तर रक्त. नवरा भावाच्या तोंडाकडे बघत बसला. मी एकटीनंच रिक्षात बसून दवाखाना गाठला.

जरा सावरल्यावर डॉक्टरबाईंनी समजावलं. डेंग्यूचे प्रकार चार. पहिल्या वेळी शरीर जी प्रथिनं बनवतं, ज्यांना अँटिबॉडी म्हणतात, ती त्याच प्रकाराला नीट मारतात. दुसऱ्या प्रकाराचा विषाणू आला तर कधीकधी त्याला नुसती चिकटतात. मग पेशी त्या जोडीला गिळतात, आणि विषाणू आयताच आत शिरून वाढतो. सगळ्यांना असं होत नाही, पण दुसऱ्या खेपेला जपावं लागतं.

दीर भेटायला आले. डॉक्टर उगाच घाबरवतात, असं माझ्यादेखत नवऱ्याला सांगू लागले.

"भाऊजी," मी म्हणाले, "तुमची दुसरी खेप अजून व्हायचीय."

त्यांचा चेहरा उतरला. जाऊ पदराशी चाळा करत राहिली.

घरी आल्याबरोबर मी सगळे ड्रम ओतून दिले. पाण्यावाचून घर ओरडलं. नवरा म्हणाला, दादाची माफी माग. मी बॅग भरली.

आता दिघीत भाड्याच्या खोलीत राहते. नवराही मागाहून आला, तोंड पाडून. जेवताना भावाची बाजू घ्यायला लागला की मी ताट उचलून दारात जाऊन बसते.