भिंतीतलं पहिलं भोक

शिंपीकाका भित्रे होते, आणि यात काही गुपित नव्हतं. रस्ता ओलांडताना ते दोन्हीकडे बघून झाल्यावर पुन्हा एकदा पहिल्या बाजूला बघत. कुलूप लावून ओढून बघत, चार पावलं पुढे जात आणि परत येऊन पुन्हा ओढून बघत. शिवण पक्की करण्याआधी कापडाला इतक्या टाचण्या लावत, की अंगात घालून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला श्वास घ्यायची चोरी. त्यावरून गल्लीने त्यांचं नाव टाचणीकाका पाडलं होतं. त्यांनी ते कधी मनाला लावून घेतलं नाही, कारण नाव खोटं नव्हतं.

गुपित होतं ते वेगळंच. दुकानात मापं काका घेत, मशीनवर काका बसत, पण कापायच्या टेबलावर कात्री चालायची ती काकूंची. लग्नानंतर थोड्याच दिवसांत एका गिऱ्हाइकाचं सुटाचं भारी कापड समोर पसरून काका नुसतेच उभे होते. खडूच्या रेघा मारून झालेल्या, हातात कात्री, आणि हात लटपटतोय. शिवलेलं उसवता येतं, पण हे कापलं की कापलं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात घोळत होतं. काकूंनी दुकानाच्या दारातून थोडा वेळ बघितलं. मग पुढे येऊन त्यांच्या हातातली कात्री काढून घेतली आणि रेघेवरून करकर कापत गेल्या. "तुम्ही मशीनवर बसा," एवढंच म्हणाल्या. काका मशीनवर बसले ते बसलेच. पुढे घरमालकाशी भांडणं, मुलीला लांबच्या शहरात नोकरीला धाडणं, काकांचा किडका दात उपटून घ्यायला त्यांना ओढत नेणं, ही सगळी कामंही काकूंच्याच वाट्याला गेली.

अशा काकू बाथरूममध्ये घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ते नीट झालं, आणि डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, "आंघोळीच्या जागी धरायला भिंतीत दांडी बसवून घ्या. पक्की. पुन्हा पडल्या तर मात्र फार अवघड होईल." डॉक्टर पुढच्या खाटेकडे गेले. काका ते शेवटचं वाक्य घेऊन घरी आले, आणि ते वाक्य त्यांना जेवू देईना.

नळवाला म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी म्हणाला, उद्या नक्की. मुलगी ऑपरेशनला येऊन परत गेली होती, ती फोनवर विचारायची, "बाबा, दांडीचं झालं का?" काका म्हणायचे, "होतंय." आणि खरोखरच घरात बरंच काही होत होतं. काकांनी बाथरूमच्या खिडकीला नवा पडदा शिवला. प्लास्टिकच्या स्टुलाला रबरी कापडाचं आवरण शिवलं, चारी पायांना बुटासारख्या टोप्या शिवल्या. खोलीतली पलंगाजवळची भिंत पिवळट पडली होती, ती फिकट निळी रंगवायला घेतली. वरून सुरुवात करायची असते हे त्यांना अर्धी भिंत खालून रंगवून झाल्यावर कळलं, तोवर ओघळ जमिनीपर्यंत पोचले होते. तरी त्यांनी ती पुरी केली. ज्या कामात चुकलं तर पुसता येतं, उसवता येतं, वर दुसरा हात मारता येतो, ती सगळी कामं त्यांनी झटून केली. दांडी मात्र विकत आणली तशी खोक्यातच होती.

दवाखान्यात काकू विचारत, "दुकानात कापडं साचली असतील ना?"

"नाही, चाललंय," काका म्हणत.

दुकानात फळीवर न कापलेल्या कापडांचा ढीग छताला टेकायच्या बेतात होता. गिऱ्हाइकांना त्यांनी मशीन बिघडलंय असं सांगून ठेवलं होतं. काकूंनी त्यांच्या तोंडाकडे नुसतं बघितलं.

मग दवाखान्यातून निरोप आला, परवा घरी सोडतो. नळवाल्याने फोन उचलायचंच सोडलं. शेवटी काका स्वतःच हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदार बोलका होता. त्याने भाड्याने द्यायचं ड्रिल मशीन काढलं, टाइलला भोक पाडणारं टोकदार बिट लावून दाखवलं. "आधी टाइलवर चिकटपट्टी लावा, म्हणजे बिट घसरणार नाही. ठोक्याचं बटण बंद ठेवा. टाइल पार झाली की मगच चालू करा, नाहीतर तडकेल. भोकात प्लॅस्टिकचा प्लग, प्लगमध्ये स्क्रू. झालं."

"आणि भोक चुकलं तर?"

"तर काय, दुसरं पाडायचं."

या माणसाची काकांना दुकानभर पसरलेल्या करवतींपेक्षा जास्त भीती वाटली.

उंचीची मात्र त्यांना काळजी नव्हती. मापं हे त्यांचं राज्य. काकूंची खांद्यापासून कोपर, कोपरापासून मनगट, सगळी मापं त्यांना तोंडपाठ होती. बाथरूममध्ये उभं राहून त्यांनी काकू समोर आहेत अशी कल्पना केली, टेप धरला, आणि कोपर वाकवल्यावर हात जिथे येईल तिथे शिंपीखडूने टाइलवर दोन फुल्या मारल्या. मग पुन्हा मोजून बघितलं.

गीझरचं बटण बंद केलं. पाण्याचा मुख्य कॉक बंद केला. पायात रबरी चपला घातल्या. डोळ्यांत काही जाऊ नये म्हणून काकूंचा काळा गॉगल चढवला, तर त्यातून फुलीच दिसेना. तो काढून स्वतःचा चष्मा लावला. मशीन हातात घेतलं आणि ते तसेच उभे राहिले. सुटाच्या कापडापुढे उभे होते तसेच. या भिंतीच्या आत पाइप असेल, वायर असेल, काय असेल कुणास ठाऊक. कापडाला निदान उलटी बाजू असते, पालथं घालून बघता येतं. त्यांनी सवयीने मागे दाराकडे बघितलं. दारात कुणी नव्हतं. कात्री काढून घ्यायला आज कुणीच येणार नव्हतं.

शेवटी त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. मशीन कर्कश ओरडलं आणि पांढरी पूड त्यांच्या मिशीवर उडाली. मग एकाएकी बिट भसकन आत गेलं, पाठोपाठ काकाही भिंतीवर आपटले. पाणी आलं नाही, ठिणगी उडाली नाही. भोक पडलं होतं. त्यांना इतका आनंद झाला, की बिट असं भसकन का गेलं हे विचारायचं त्यांना सुचलंच नाही. उरलेली भोकं पाडली, प्लग ठोकले, स्क्रू आवळले. भिंतीवर चकचकीत दांडी बसली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न टाचता काहीतरी पक्कं केलं होतं.

कुलूप ओढायचे तशी त्यांनी दांडी ओढून बघितली. मग दोन्ही हातांनी धरून जरा रेलले.

दांडी हातात आली. नुसती दांडी नाही, अर्धी टाइलही. काका मागच्या मागे स्टुलावर बसले म्हणून बचावले. टाइलचा तुकडा त्यांच्या पायाशी फुटला. टाइलमागे बोट जाईल एवढी पोकळी होती. बसवणाऱ्याने मागे सिमेंट भरलंच नव्हतं.

दांडी मांडीवर घेऊन ते बसून राहिले. आपल्याला लागलं नाही याचं त्यांना काही नव्हतं. त्यांना दिसत होतं ते एवढंच, की हीच दांडी परवा काकूंच्या हातात आली असती, आणि बसवली टाचणीकाकांनी आहे म्हणून काकूंनी निर्धास्त भार टाकला असता. ते थोडे रडले. घरात कुणी नव्हतं म्हणून जरा मोठ्यानेच रडले.

रडू ओसरल्यावर उठावं म्हणून त्यांनी आधाराला हात पुढे केला. हात भिंतीवर टेकला तो फुलीच्या कितीतरी खाली. ते पुन्हा बसले, पुन्हा उठायला गेले. हात पुन्हा तिथेच. काकांनी कपाळावर हात मारून घेतला. जन्मभर त्यांनी मापं घेतली ती उभ्या माणसांची. "सरळ उभे राहा, हात सैल सोडा," हे बोलूनच त्यांचा घसा बसला होता. पण काकू स्टुलावर बसून आंघोळ करणार होत्या, आणि भीती होती ती उठतानाची. दांडी टिकली असती तरी काकूंच्या हाताला ती वरच राहिली असती.

मग त्यांनी बसूनच माप घेतलं. खडूने खूण केली. यावेळी आधी बोटांच्या पेरांनी टाइल ठोकत गेले: पोकळ, पोकळ, भरीव. भरीव वाजली तिथे परत ठोकली, शेजारची ठोकली. भोक पाडताना पांढऱ्या पुडीनंतर विटेची लाल पूड आली आणि येतच राहिली, बिट इंचाइंचाने आत गेलं. दुकानदाराकडून लांब स्क्रू आणले. दांडी बसली. काकांनी ओढली, हिसकली. हलली नाही.

पण ते तिला लोंबकळले नाहीत. दुकानातली जड लोखंडी इस्त्री त्यांनी मुद्दाम पिशवीत घालून घरी आणली होती. काकू अंगाने भरलेल्या, काका फळकुटासारखे, तेव्हा इस्त्री गळ्यात अडकवली की भार सारखा होईल असा त्यांचा हिशोब होता. पिशवी गळ्यात घालून ते दोनदा दांडीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. निघाली तर? आता दुसरी भरीव टाइल नव्हती, वेळ नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्यांच्यात पुन्हा एकदा पडायची हिंमत नव्हती. इस्त्री दाराआड तशीच राहिली.

काकू घरी आल्या. वॉकर टेकवत त्यांनी निळी भिंत बघितली, ओघळ बघितले, "बरी आहे," म्हणाल्या. पलंगावर जरा आडव्या झाल्या. उठल्यावर म्हणाल्या, "मला आंघोळ करायचीय. दवाखान्याचा वास जात नाही अंगाचा."

काका वाटेत उभे राहिले. "आज नको. उद्या."

"उद्या काय वेगळं होणार आहे?"

काकू स्टुलावर बसल्या. काकांनी पाणी काढून दिलं, पाठ चोळून दिली, आणि सगळा वेळ त्यांची नजर त्या स्क्रूंवर होती. कपडे घालून झाल्यावर काकूंनी वर बघितलं. फुटक्या टाइलच्या जागी पांढऱ्या सिमेंटचं ठिगळ होतं, शिंपीकामातल्यासारखं अगदी चौकोनी.

"हे काय?"

"आधी तिथे बसवली होती. चुकलं."

"कुणी बसवली? नळवाल्याने?"

"मी."

काकूंनी ठिगळाचे चारी कोपरे नजरेने मोजले. "दुकानातली कापडं कापलीत?"

खोटं बोलायची ताकद काकांत उरली नव्हती. "एकही नाही."

"आणि भिंत फोडलीत."

काकूंनी दांडीवर हात ठेवला. हात बरोबर पोचला, जराही ताणावा लागला नाही. त्यांनी उठायला म्हणून पुढे झोक घेतला आणि थांबल्या. पुन्हा घेतला, पुन्हा थांबल्या. दांडीवरची बोटं पांढरी पडली होती.

"अहो," त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचा नव्हता. "मला भीती वाटतेय."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे वाक्य काकूंच्या तोंडून काकांनी ऐकलं नव्हतं. ते त्यांचं वाक्य होतं. काकूंना भीती वाटू शकते हेच त्यांना माहीत नव्हतं, आणि क्षणभर ते इतके घाबरले की भिंतीला टेकले. काही नाही होत, घाबरू नकोस, असं लोक म्हणतात. ते ऐकून भीती जात नाही हे काकांएवढं कुणाला ठाऊक असणार? कात्री काढून घ्यावी तसं हे उठणं काकूंच्या हातून काढूनही घेता येत नव्हतं.

"थांब. हात काढ जरा," ते म्हणाले.

त्यांनी दाराआडची पिशवी गळ्यात घातली.

"त्यात काय आहे?"

"इस्त्री. तुझं वजन पुरं करतोय."

काकांनी दोन्ही हातांनी दांडी धरली. त्यांनी गुडघे वाकवले आणि दोन्ही पाय जमिनीवरून उचलले. चपला गळून पडल्या. चष्मा नाकावर घसरला. गळ्यातली इस्त्री पोटावर आपटली. टाचणीकाका डोळे गच्च मिटून भिंतीला लोंबकळत राहिले, आणि भिंत गप्प राहिली.

"उतरा आता," काकू म्हणाल्या. त्या हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मान मोडेल."

काका उतरले. त्यांनी गळ्यातली पिशवी काढून खाली ठेवली. काकूंनी दांडी धरली. ठिगळाकडे बघितलं, काकांकडे बघितलं, आणि सगळा भार टाकून उठल्या.

उभ्या राहिल्यावर त्यांनी लगेच वॉकर मागितला नाही. "उद्या कापडं घरी आणा," त्या म्हणाल्या. "मी खुर्चीत बसून सांगते, रेघ कुठे संपते ते. कात्री तुम्ही धरा."