बाबांच्या मांडीवरचं पातेलं

आमचा गणपती बाबांच्या डोक्यावरून येतो. मूर्ती घडवणारी शाळा वर टेपावर आणि घर खाली, उताराच्या तळाशी. दरवर्षी बाबा पाटावरची मूर्ती डोक्यावर घेऊन तो उतार उतरायचे. यंदा गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी उतारच बंद केला. चुलतभाऊ भोळेपणाने म्हणाला, "काका, यंदा मी आणतो." बाबा भात अर्धा टाकून उठले.

मग मी छाती पुढे काढली. "बाबा, गणपती तुम्हीच आणणार. पुढच्या सीटवर बसायचं, मूर्ती मांडीवर. गाडी मी चालवतो."

बाबांचा चेहरा उजळला आणि लगेच बारीक झाला. मला ते लहानपणापासून ओळखतात. "आधी परीक्षा," ते म्हणाले.

परीक्षा अशी, की तोच पाट बाबांच्या मांडीवर, पाटावर काठोकाठ भरलेलं पातेलं, आणि शाळेपासून निघून बरोबर आमच्या फाटकाशी थांबायचं. पाणी सांडलं तर गणपती चुलतभाऊ आणणार.

माझ्या अंगात वारं शिरलं. घराला रंग लागत होता, मग गाडी मागे का? पावसाळाभर उभी राहून तिच्या चाकांच्या आतल्या ब्रेकच्या चकत्या जांभ्यासारख्या लाल झाल्या होत्या. त्याही घासूनपुसून अशा चमकवल्या, की चाकाच्या भोकांतून चांदीच्या ताटल्या दिसाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा पातेलं धरून बसले. उतार सुरू झाला. फाटक दिसलं. मी ब्रेक दाबला. गाडीने ऐकलं, पण मनावर घेतलं नाही. आणखी दाबला. फाटक डाव्या हाताने शांतपणे मागे गेलं. मी पहिला गिअर टाकला, हँडब्रेक ओढला, देव आठवले, आणि गाडी कण्हत कण्हत केळीच्या बेटात जाऊन टेकली.

बाबांनी पातेल्यात पाहिलं. मग मागे पाहिलं. "पाणी थेंबभर सांडलं नाही. पण मेल्या, घर मागे राहिलं!"

गणपती परवावर आलेला. गॅरेजवाल्याने फोनवर सांगितलं, "गणपतीनंतर आणा." ठीक! मोबाईलवर व्हिडिओ बघून मी निदान केलं, की पाइपात हवा शिरलीय. बायकोला ब्रेकवर बसवली आणि पाना घेऊन मी चाकाशी आडवा झालो.

"दाब!"

"दाबला!"

"धरून ठेव! आता सोड!"

"अहो, धरू की सोडू? एकदा काय ते ठरवा!"

चाकं झाली, शर्ट ब्रेक ऑइलने न्हाला, पण बुडबुडा म्हणाल तर एक नाही. बायको म्हणाली, "पायाला तर दगडासारखा कडक लागतोय. हवा असती तर मऊ लागला नसता?" मी न ऐकल्यासारखं केलं. ऑइल वरपर्यंत भरलं, झाकण लावलं आणि तिला शेजारी बसवून सपाटीच्या रस्त्यावर गेलो. हळू चालवायचं आणि दाबायचं, परत हळू चालवायचं आणि दाबायचं. गाडी आपल्या सवडीने थांबत होती.

बायकोने खिडकीतून नाक बाहेर काढलं. "या वेळेला घावनं कोण घालतंय?"

मलाही वास आला. खमंग! रस्त्याला तर घरच नव्हतं. ती खाली उतरली, पुढच्या चाकाशी वाकली, आणि सरळ होताना तिचे डोळे चमकत होते.

"अहो, माझी तव्याला तेल लावायची नारळाची शेंडी कालपासून सापडत नाहीये."

सापडणार कशी? ती गाडीच्या डिकीत होती. आमच्याकडे कोयती असो, विळी असो, दाराची बिजागरी असो, लोखंड दिसलं की खोबरेल. पुन्हा गंज नको म्हणून मी त्याच शेंडीने त्या चांदीच्या ताटल्यांना दोन्ही बाजूंनी खोबरेल चोपडलं होतं. ज्या चकतीला घट्ट पकडून गाडी थांबते, तिलाच!

पण वाईट वाटायला वेळ कुणाला? कारण सापडलं होतं! जीव मुठीत धरून, रांगत म्हणावं अशा वेगाने गाडी घरी आणली. स्कूटर काढून बाजारात धावलो, ब्रेक पॅडचा नवा जोड आणि चकत्या धुवायचा स्प्रे आणला. तेल प्यालेले जुने पॅड फेकले. चकत्या कोरड्या ठक्क होईपर्यंत पुसल्या. नवे पॅड सपाटीवर हळूहळू दाबून बसवले. गाडी थांबायला लागली तेव्हा मी स्टिअरिंगवर चक्क ताल धरला.

संध्याकाळी पुन्हा टेप, पुन्हा पाट, पुन्हा पातेलं. बायको फाटकाशी उभी. उतार आला, फाटक आलं, आणि सकाळपासून जोर लावायची सवय झालेल्या पायाने मी ब्रेक दाबला.

खच्च! गाडी फाटकासमोर खिळ्यासारखी उभी. पातेलं उलटं. बाबा टोपीपासून धोतरापर्यंत चिंब, नाकाच्या शेंड्यावरून धार लागलेली.

"लागला!" बाबा ओरडले. "लागला रे, ब्रेक लागला!"

बायको पळत आली. "पण बाबा, पाणी सांडलं ना? मग आता गणपती कोण आणणार?"

बाबांनी ओली टोपी काढून पिळली. "सांडलं कुठे? सगळं माझ्याकडेच आहे." मग रिकामं पातेलं माझ्या हातात दिलं. "जा, भरून आण. आणि आता पाय जरा हलका ठेव, गणपती मांडीवर असल्यासारखा."