मेलबर्नची दुसरी कसोटी

निशिकांत सोनवणे आणि शिरीष राजहंस यांची पहिली भेट पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजात झाली. क्रिकेटच्या संघात दोघांनाही कुणी घेतलं नाही, म्हणून ते रग्बीकडे वळले. पुढे दोघांनाही सिंगापूरला, जुरोंग आयलंडवरच्या एकाच कारखान्यात नोकरी मिळाली. क्लेमेंटीला एक खोली भाड्याने घेऊन ते राहू लागले. रोज कंपनीची बस, शनिवारी रग्बी. शिरीष धिप्पाड, समोरच्याला थेट धडकणारा. निशिकांत बुटका, चपळ.

लायन्सच्या दौऱ्याचं दोघांना वेड. इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंडच्या निवडक खेळाडूंचा हा संघ दर चार वर्षांनी निघतो. पण ऑस्ट्रेलियाची पाळी सिंहस्थासारखी बारा वर्षांनी येते. २०१३ साली त्यांनी मेलबर्नच्या दुसऱ्या कसोटीची तिकिटं काढली होती. ऐन वेळी कारखाना बंद ठेवून करायचं शटडाऊनचं, म्हणजे देखभाल-दुरुस्तीचं काम निघालं आणि निशिकांतची रजा रद्द झाली. शिरीषची मंजूर होती, तरी तो गेला नाही.

"एकट्यानं काय बघायचं?" तो म्हणाला. "पुढच्या खेपेला जाऊ की."

शिरीषचं लग्न झालं. तो आणि सुलेखा सिंगापुरातच, बेडोकला राहायला गेले. मग २०२३ साली त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. तपासण्या झाल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या, आणि त्यावर औषध नव्हतं. २०२५च्या जूनमध्ये लायन्स ऑस्ट्रेलियात उतरले, तेव्हा शिरीष व्हीलचेअरवर होता. त्याचं बोलणं सुलेखा आणि निशिकांत सोडून कुणाला कळत नसे. विमानप्रवासाला डॉक्टरांनी साफ नकार दिला.

मेलबर्नची दोन तिकिटं निशिकांतने आधीच घेतली होती. ती दोन्ही परत करून कसोटीच्या संध्याकाळी तो बेडोकला आला. त्याला दारात पाहून शिरीषचा चेहरा पडला.

"तू इथं कसा?"

"तुला टाकून जाऊ होय? तू नव्हतास थांबला माझ्यासाठी?"

शिरीषला एकेक शब्द ओढून आणावा लागत होता. "थांबलो... ते चुकलं माझं. बारा वर्षं हळहळतोय. तुला बोललो नाही, इतकंच. आता तिथलं... मला सांगणार कोण?"

सामना टीव्हीवर लागला. अगदी शेवटच्या मिनिटाला लायन्सने बाजी मारून मालिका खिशात घातली. खोलीत कुणीच ओरडलं नाही.

तो निघाला तेव्हा लिफ्टपाशी सुलेखा हळूच म्हणाली, "आठवडाभर सांगत होता, निशिकांत स्टेडियममधून फोन करील म्हणून."

पुढच्या शनिवारी तिसरी कसोटी सिडनीला होती. मालिकेचा निकाल लागलेला होता. तरीही निशिकांत एकटा गेला. धो धो पाऊस पडत होता. उत्तरार्धात विजा चमकू लागल्या, खेळ थांबवून सगळ्यांना आडोशाला पाठवलं. तिथून त्याने फोन लावला.

"दुपारपासून श्वास लागतोय त्याला," सुलेखा म्हणाली. "हॉस्पिटलात आणलंय. तुम्हाला बोलावू का, असं विचारलं, तर मान हलवून नको म्हणाला. तुम्ही सामना बघून या."

खेळ पुन्हा सुरू झाला. निशिकांत भिजत बसून राहिला. कोण पडलं, कुणी चेंडू सोडला, प्रेक्षक केव्हा उठून गेले, सगळं मनात घोकत राहिला. ऑस्ट्रेलिया जिंकली.

दुसऱ्या दिवशी विमानतळावरून तो तडक हॉस्पिटलात गेला. शिरीषच्या घशात नळी होती, त्याला झोपेचं औषध दिलं होतं. निशिकांतने खुर्ची कॉटजवळ ओढली आणि पहिल्या शिट्टीपासून सांगायला घेतलं. तासभर तो बोलत होता. शिरीषची पापणीसुद्धा हलली नाही.

मंगळवारी सकाळी शिरीष गेला.

सप्टेंबरात सुलेखा पुण्याला परत निघाली. निशिकांत तिला चांगी विमानतळावर सोडायला गेला. आत जाताना ती थबकली.

"त्याला ऐकू गेलं असेल का हो?"

"गेलं असणार," निशिकांत म्हणाला. त्याचं त्यालाही ते खरं वाटत नव्हतं. सुलेखा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली, मग बॅग ओढत आत गेली.