बाईंचा तुकडा

बाई आमच्या गोठ्यामागच्या खोलीत पहिल्यांदा राहायला आल्या तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. कोळवणात खोली भाड्यानं मागायला तेव्हा कोणी येत नसे. एसटीतून पन्नाशीकडे झुकलेली एक उंच, सावळी बाई उतरली. पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, खांद्याला कापडी पिशवी, आणि पिशवी आपोआप हलत होती. सासूबाईंनी विचारलं, "काय हाय त्यात?" बाईंनी सरळ सांगितलं, "साप." सासूबाई दोन पावलं मागं सरकल्या आणि तिथूनच म्हणाल्या, "च्या घेनार का?" दारात आलेल्या माणसाला हाकलायची रीत आमच्या घरात नव्हती, मग त्याच्या पिशवीत काहीही असो.

पुण्यातल्या एका संस्थेत बाई शास्त्रज्ञ होत्या. साप, सरडे, पाली, घोरपडी यांचा अभ्यास करणारी त्यांच्या खात्यातली ती पहिली बाई. सुरुवातीला वरच्या साहेबांनी त्यांना टेबलापाशी बसवून बरण्यांवर नंबर टाकायचं काम दिलं होतं, रानात हिंडणं बाईमाणसाला झेपणार नाही म्हणून. बाई रजा काढून रानात गेल्या. रजा संपल्यावर पुन्हा बरण्यांपाशी, पुन्हा रजा, पुन्हा रान. अशी कितीतरी वर्षं काढल्यावर साहेबच थकले. बाईंनी लग्न केलं नाही. का, असं सासूबाईंनी एकदा विचारलंच. बाई हसून म्हणाल्या, "घरात साप आणलेले चालतील का, असं पहिल्याच भेटीत विचारायचे मी."

त्या ज्याच्यासाठी आमच्याकडे आल्या तो साप आम्ही लोक साप म्हणून धरतही नव्हतो. खापरखवल्या. वीतभर, फार तर हातभर लांबीचा, काळा, चकचकीत, कडेला पिवळी रेघ. मातीखाली राहतो, गांडुळं खातो, विष नाही, चावणंही नाही. शेपटीचं टोक खापराच्या तुकड्यासारखं बोथट आणि खरखरीत, त्यावर माती चिकटलेली. त्याला दोन तोंडं असतात असं आमच्याकडे म्हणत, आणि दोन तोंडं आहेत म्हणून मारून टाकत. बाईंनी पहिल्या आठवड्यातच एक माझ्या तळहातावर ठेवला. मी किंचाळले. तो माझ्या बोटाभोवती अंगठीसारखा गुंडाळला गेला आणि तसाच बसून राहिला. "घाबरलाय तो," बाई म्हणाल्या. "तू ओरडू नकोस, म्हणजे दोघांनाही बरं वाटेल."

बाईंचं अक्षर भयंकर होतं. मी बारावी झालेली, पुढं अंगणवाडीत लागले, अक्षर वळणदार. म्हणून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. गावात कोणीही साप मारला तर तो फेकू नये, बाईंकडे आणावा, असं त्यांनी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. तसं करायचा सरकारी परवान्याचा कागद त्यांच्या ट्रंकेत होता. आणलेला साप स्पिरिटच्या बरणीत जायचा आणि सोबत जाड कागदाची चिठ्ठी: कुठं मिळाला, कशाखाली होता, कशानं मेला, कोणी आणला. चिठ्ठी पेन्सिलनंच लिहायची, कारण शाई स्पिरिटमध्ये विरघळते. आणि बाईंचा एकच नियम होता: आणणाऱ्याला रागवायचं नाही.

मला ते पटत नसे. एकदा एका म्हाताऱ्यानं फावड्यानं तुकडे केलेली मादी आणली, तिच्या पोटातून पिल्लं बाहेर आली होती. मला रडू आलं, आणि बाई त्याला म्हणतात, "बरं झालं आणलंत. कुठं होती? माती ओली होती का?" तो गेल्यावर मी भांडले. बाई म्हणाल्या, "मी रागावले तर पुढच्या वेळी तो मारेल आणि लपवेल. मारणं आज ना उद्या थांबेल गं. लपवायला लागले की मला काहीच कळणार नाही." एका टवाळानं एकदा बाजारातला रबरी साप कागदात गुंडाळून आणला. बाईंनी गंभीर चेहऱ्यानं माझ्याकडून त्याचीही चिठ्ठी लिहून घेतली: "रबरी. कशानं मेला, समजले नाही." अख्खा गाव आठवडाभर त्या टवाळाला हसत होता.

वर्षं गेली. चिठ्ठ्यांवर 'काठीनं' लिहायचं कमी झालं, 'गाडीखाली' लिहायचं वाढलं. खोऱ्यात फार्महाऊसं आली. बाई नोकरीतून निवृत्त झाल्या, तरी येतच राहिल्या.

आता राबाचं सांगायला हवं. भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही शेण, टहाळ, पालापाचोळा, गवत असे थर लावतो, वरून माती पसरतो आणि पावसाळ्याआधी ते सगळं भाजतो. त्याला राब भाजणं म्हणतात. तण मरतं, रोप जोमदार येतं. पण थर लावल्यापासून भाजेपर्यंत त्याखाली गारवा असतो, गांडुळं असतात, म्हणून खापरखवले तिथं येतात. राब भाजताना ते खोल जातात की जळतात, हे बाईंना शोधायचं होतं. त्यांनी आमच्या राबातला एक कोपरा मागितला, दोन खाटांएवढा. तिथंही थर लावायचे, पण भाजायचं नाही. मग भाजलेल्या आणि न भाजलेल्या, दोन्ही जागा छोट्या खुरप्यानं उकरून कुठं किती मिळतात ते पाहायचं. सासरे म्हणाले, "तितं तण लई माजंल." माजलंही. पण ते शब्दाला जागणारे होते. त्या कोपऱ्याला सगळं घर बाईंचा तुकडा म्हणू लागलं. सासरे गेले, सासूबाई गेल्या, तुकडा राहिला.

तुकडा वाचवायची एक पद्धत होती. भाजायच्या आधी त्याच्या कडेनं हातभर रुंद पट्टा पार जमिनीपर्यंत झाडून काढायचा, म्हणजे आग ओलांडत नाही. हे काम मी कधी दुसऱ्याला करू दिलं नाही.

ऐंशीच्या पुढं बाईंचे गुडघे गेले, मग डोळे. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये सांभाळायला एक मुलगी ठेवली होती आणि भाची येऊन जाऊन असे. उकरायचं काम माझ्याकडे आलं. राब भाजल्यावर आठव्या दिवशी बाईंचा फोन यायचा. "तुकडा सोडलास ना?" हा पहिला प्रश्न. मग, "किती मिळाले?" मी सांगायचे, ती मुलगी वहीत लिहायची.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. राब भाजायचा होता. यांचा गुडघा सुजलेला, हे खाटेवर. मी आणि मजुरीला आलेली एक शेजारीण, दोघीच. पट्टा झाडायला घेणार, तेवढ्यात डोंगराकडून आभाळ भरून आलं. राब भिजला तर वर्षाचं रोप गेलं. शेजारीण म्हणाली, "अगं लाव लवकर, वारं पडलंय, कुटं जातीया आग?" वारा खरंच पडला होता. मी स्वतःशी म्हटलं, एक वर्ष पट्टा नसला म्हणून काय होतंय, टहाळ्यानं मारून विझवू. आणि मी काडी लावली.

वारा उठला. आम्ही ओल्या टहाळ्यांनी मारत सुटलो, माझे हात भाजले, पदर जळाला. बाईंचा तुकडा गिळायला आगीला फार वेळ लागला नाही. आणि पाऊस आलाच नाही. आभाळ आलं तसं निघून गेलं.

राख निवल्यावर मी बाईंचा तुकडा उकरला. वरच्या वीतभर मातीतच चार खापरखवले होते, चारही मेलेले. त्यात एक मादी पोटुशी होती. भाजल्या जागेत कधी कोणी इतक्या वर सापडत नसे, ते खोल जायचे. इथं इतकी वर्षं आग आली नव्हती, म्हणून ते निर्धास्त वर येऊन राहिले होते. मी तिथंच बसून रडले. खोलीत बाईंची रिकामी बरणी आणि स्पिरिट होतं. चौघांना त्यात ठेवलं. चिठ्ठी लिहायला घेतली. कुठं मिळाले, लिहिलं. कशाखाली, लिहिलं. पुढच्या दोन ओळी लिहिता आल्या नाहीत.

आठव्या दिवशी फोन आला. "तुकडा सोडलास ना?"

"सोडला की, बाई."

"किती मिळाले?"

"चार. एक पोटुशी हाय."

"पोटुशी?" बाईंचा आवाज एकदम पोरीसारखा झाला. "चार! म्हणजे तुकडा त्यांचा झाला गं आता." पलीकडे त्या मुलीला मोठ्यानं म्हणाल्या, "लिही, चार."

आकडा मी खरा सांगितला होता. त्यांना दुखवायचं नव्हतं, या वयात धक्का नको, असं मी स्वतःला बजावत होते. ते खोटं होतं. मला त्यांच्या मनातून उतरायचं नव्हतं, एवढंच. ज्या बाईनं जन्मात कोणाला साप मारला म्हणून शब्दानं दुखवलं नाही, तिला मी घाबरले.

दिवाळीनंतर बाईंची तब्येत बिघडल्याचं कळलं. सांगून टाकायचं असं ठरवून मी बरणी फडक्यात बांधली, पिशवीत घातली आणि एसटीनं पुण्याला गेले. बाई पलंगावर वाळून एवढ्याशा झाल्या होत्या. माझा हात हातात घेऊन बोलत बसल्या. भात कसा झाला, यांचा गुडघा कसा आहे, अंगणवाडीत मुलं किती. मी पिशवी मांडीवर धरून बसले होते. मध्येच बाई थांबल्या. डोळे गेले होते, नाक शाबूत होतं.

"स्पिरिटचा वास येतोय," त्या म्हणाल्या. "काय आणलंयस?"

तोंडाशी आलं होतं. देवाशपथ, आलं होतं. आणि मी म्हणाले, "औषध हाय बाई, ह्यांच्या गुडघ्याचं."

बाईंनी माझा हात तसाच धरून ठेवला. मग म्हणाल्या, "बरं."

चहा झाला. मी निघाले, पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अगदी हळू म्हणाल्या, "चिठ्ठी पेन्सिलनं लिही हं. शाईनं नको."

मी "व्हय" म्हणाले आणि जिना उतरून पळत सुटले. खाली फाटकापाशी कितीतरी वेळ उभी होते. वर जायला तीन जिने होते फक्त. मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात येईन, तेव्हा नीट सांगेन, असं म्हणून पौडवरून जाणारी पहिली एसटी धरली आणि पौडला उतरून जीपनं घरी आले. पुढच्या आठवड्यात बाई गेल्या.

तेरावं झाल्यावर भाची कोळवणला आली. बाईंच्या बरण्या आणि वह्या त्यांच्या संस्थेनं नेल्या होत्या. तुकड्याची वही तेवढी मला द्यायची असं बाईंनी सांगून ठेवलं होतं. मी ओसरीवर बसून ती उघडली. पहिली पानं बाईंच्या भयंकर अक्षरात, मग माझ्या, मग त्या मुलीच्या. शेवटच्या ओळीत त्या मुलीनं लिहिलं होतं, "चार." त्यावर आडवी रेघ मारली होती. शेजारी वाकडीतिकडी, एकमेकांवर चढलेली अक्षरं होती. डोळे गेल्यावर चाचपून लिहिलेली, आणि तरी ओळखू आली. "ती सांगेल तेव्हा."

भाचीनं विचारलं, "याचा अर्थ काय? तुम्ही येऊन गेलात त्याच दिवशी आत्यानं माझ्याकडून वही मागून घेतली होती."

मी वही मिटली आणि तिच्यासाठी चहा ठेवायला आत गेले. ती गेल्यावर मी फडताळातून बरणी काढली. पेन्सिलला टोक केलं. कशानं मेले: आगीत, पट्टा झाडला नाही म्हणून. कोणी आणले, तिथं माझं नाव लिहिलं. चिठ्ठी बरणीत सोडली, झाकण घट्ट लावलं, आणि बरणी हातात धरून गोठ्यामागच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले. खोलीला कुलूप होतं. आणलेलं घ्यायला आत कोणी नव्हतं.