मावशींची आंघोळ आणि मिस्त्रींचा बांध

दोन आठवड्यांपूर्वी, रविवारी सकाळी, भोरमध्ये मी आमच्या नव्याकोऱ्या बाथरूमची फरशी फोडायला लावली... आणि खरं सांगते, इतकं छान मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

एसटी स्टँडजवळ आमच्या तीन भाड्याच्या खोल्या आहेत. मधल्या खोलीत सचिन आणि त्याची बायको मनीषा राहतात. तो इथल्या कचेरीत कामाला आहे, मूळचा वेल्ह्याकडच्या एका वाडीवरचा.

दोन वर्षांपूर्वी त्याची आई वाडीवर पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. आता त्या वॉकर घेऊन चालतात, पण आंघोळ थोरली सून घालते. सचिन त्यांना भोरला आणायला कधीचा मागे लागला होता, पण त्यांची एकच अट... "तितं माझी आंगूळ माझी म्या करणार. न्हाईतर हाय हितंच बरी."

सचिननं हे मला जरा अवघडूनच सांगितलं. बाथरूममध्ये काही बदल करता येतील का, असं त्याला विचारायचं होतं. मी जात्याच उतावळी... लगेच मोबाईल घेऊन बसले आणि दोन दिवसांत 'वेट रूम' या विषयातली तज्ज्ञ झाले!

म्हणजे काय, तर खोली आणि बाथरूम एकाच पातळीत. दारात उंबरा नाही, पायरी नाही, सगळी जमीन पाणी जायच्या जाळीकडे उतरती. खरखरीत फरशी, भिंतीला धरायला दांड्या आणि बसायला पक्की खुर्ची.

काम दिलं सोपान मिस्त्रींना. मार्गासनीचे आहेत, पावसाळ्यात भातशेती आणि एरवी फरशीकाम. हात इतका साफ की सांधा शोधावा लागतो. त्यांना मी तीन व्हिडिओ दाखवले, ते "कळलं वहिनी" म्हणाले, आणि मी निर्धास्त होऊन साताऱ्याला बारशाला म्हणून आठवडाभर गेले... तिथंच चुकलं.

शनिवारी परत आले तर काम तयार. फरशी, दांड्या, खुर्ची, सगळं बघत राहावं असं. आणि दारात चार बोटं उंच, काळ्या दगडाचा, कडा घासून गोल केलेला उंबरा... वर हळदकुंकू वाहिलेला.

मी कपाळाला हात लावला. मिस्त्री मात्र खुशीत होते. "तुमी इसरला व्हता वहिनी, मंग म्याच दगड आणून बसवला. बांध नगं व्हय पाण्याला?"

भाताचं खाचर करणारा माणूस... पाणी दिसलं की बांध घालणारच. रागानं माझा नुसता तिळपापड झाला होता, पण इतक्या प्रेमानं घासलेल्या दगडावर चिडायचं तरी कसं. आणि हळदकुंकू वाहिलेला उंबरा फोडा म्हणायला जीभच रेटेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी सचिन आईला घेऊन आलाच. बाथरूम पसंत पडलं तर त्या राहणार, नाहीतर त्याच गाडीनं वाडीवर परत. मिस्त्रीही कौतुक ऐकायला हजर होते.

मावशी, म्हणजे सचिनची आई, अंगानं किरकोळ, नजर मात्र करडी. वॉकर टेकत दारापर्यंत आल्या आणि दगडापाशी थांबल्या. पाय उचलून बघितला, जमेना... पुन्हा बघितला. सचिन दंड धरायला पुढे झाला तर त्यांनी त्याचा हात झटकला. मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. मलाही फार वाईट वाटलं.

"कुणाचं काम म्हनायचं ह्ये?" मावशींनी विचारलं.

"माजंच, मावशी," मिस्त्री पुटपुटले.

"भात लावतूस न्हवं? मंग खाचरात पाणी धरायचं आसतंय म्हून बांध. हितं धरून काय करायचंय? हितं सोडायचंय की." मग हळदकुंकवाकडे बघून म्हणाल्या, "फोड. देवाला काय सांगायचं त्ये म्या सांगते."

मिस्त्री हसायलाच लागले. छिन्नी-हातोडा घेऊन त्यांनी स्वतः दगड काढला. मावशींनी आत बादलीभर पाणी ओतायला सांगितलं, तर ते थेट खोलीत... बांधाच्या भरवशावर मिस्त्रींनी उतार नावापुरताच दिला होता. मग मीच म्हटलं, आता फरशी पण फोडा.

"आठ दिसांनी येते," मावशी म्हणाल्या. "पाणी जाळीत ग्येलं तर ऱ्हाईन." आणि खरंच गाडीत बसून परत गेल्या.

ते आठ दिवस मिस्त्रींनी दुसरं काम घेतलं नाही. नवा कोबा, नवा उतार, आणि सगळं वाळल्यावर चारी कोपऱ्यांत बादल्यांवर बादल्या. पाणी कुठून वळतंय ते बघायला हा माणूस चक्क फरशीवर गाल टेकून झोपायचा!

गेल्या रविवारी मावशी आल्या. वॉकर न अडखळता आत गेला, दार लोटलं गेलं आणि तांब्याचा आवाज सुरू झाला... बाहेर मी, सचिन, मनीषा आणि मिस्त्री. मिस्त्रींची नजर दाराच्या फटीवर. बाहेर खोलीतली फरशी कोरडी ठणठणीत होती.

दहा मिनिटं झाली, वीस झाली, अर्धा तास झाला. आपली आंघोळ आपल्या हातानं, दार लावून, हवा तेवढा वेळ... ही केवढी चैन आहे हे मला वयाच्या पन्नाशीत, त्या बंद दाराबाहेर उभं राहून कळलं.

शेवटी सचिनला राहवेना. त्यानं दारावर टकटक केली. "आई, झालं का गं?"

आतला तांब्या थांबला.

"न्हाई. दोन वरसांची ऱ्हायलीया."

मनीषाच्या डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू. आम्ही सगळे गुपचूप अंगणात जाऊन बसलो... म्हटलं, होऊ द्या मावशी सावकाश, टाकी भरलेली आहे.